एकसष्ट नंबरचं कार्ड

"मास्तर काका, आज कार्ड जरा सावकाश पंच करा," अंकिता म्हणाली.

"का गं, दुखतं का त्याला?"

एरवी एवढ्यावर ती हसली असती. त्या दिवशी नुसती उभी राहिली. मी तिचा फोन चौतीस नंबरच्या खाकी पिशवीत टाकला, पिशवी खुंटीला अडकवली, बिल्ला तिच्या हातावर ठेवला आणि तिचं कार्ड घेऊन एकतिसाव्या घरावर पंच दाबला. मे महिन्याचं शेवटचं घर.

"झालं. जानेवारी ते मे, पाच कार्डं, एकशे एक्कावन्न भोकं. एक दिवस चुकली नाहीस. संध्याकाळी शाल अन् नारळ घ्यायला तयार राहा. तुझे वडील निघाले ना गावाहून?"

"निघालेत पहाटेच." ती थोडी घुटमळली. "काका, एक बोलायचं होतं."

"बोल की."

पण माझं लक्ष होतं कुठं? माझ्या हातातल्या मोबाइलवर वरंधा घाटात दरीत गेलेला ट्रक क्रेनने वर ओढत होते. ट्रक अर्ध्यावर लोंबकळत होता. "थांब गं जरा, एवढा वर येऊ दे," मी म्हणालो. ट्रक वर आला, मी मान वर केली, तर ती जाऊन बसलेली. म्हटलं, असेल काहीतरी. पंखा आवाज करत असेल नाहीतर शेजारची पेन वाजवत असेल. या पोरांच्या तक्रारी अशाच असतात.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी विष्णू कोंढाळकर. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक स्वारगेट-भोर आणि स्वारगेट-महाड. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर नव्या पेठेत लोहोकरे सरांच्या 'सुमती अभ्यासिके'त काउंटरवर बसायला लागलो. अभ्यासिका म्हणजे साठ खुर्च्या, साठ टेबलं, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला गावोगावहून आलेली साठ पोरंपोरी. सकाळी साडेसातला यायची, रात्री जायची. सरांचा नियम एकच. आत जाताना फोन काउंटरवर जमा करायचा.

त्या नियमाला शिस्त मी लावली. साठ पिशव्या माझ्या बायकोनं, शालननं, शिवून दिल्या होत्या. पुढं वर्षभरातच ती गेली, पिशव्या राहिल्या. कार्डांची कल्पना माझी. महिन्याचं एक कार्ड, प्रत्येक दिवसाचं एक घर, फोन जमा केला की भोक. पंच माझा स्वतःचा, तिकिटांचा. मशिनं आल्यावर डेपोत जमा करायचा तो राहून गेला, कसा राहिला ते विचारू नका. सकाळी दार उघडायच्या आधी मी तो लोखंडी कपाटावर दोनदा वाजवायचो, की गाडी सुटली. पोरं हसायची, पण रांग धरायची. अख्खं कार्ड भरलं तर माझ्याकडून चहा आणि क्रीमरोल.

बहुतेकांची कार्डं विसाव्या-बाविसाव्या दिवशी रखडायची. कोणी फोन खिशात ठेवून आत जायचा, मी पकडायचो, त्या दिवसाचं घर कोरं. माणूस खोटं बोलतोय हे मला लगेच कळतं असा माझा मोठा दिमाख होता. मांडीवर अकरा वर्षांचं पोर झोपवून 'पाचवं लागलंय' सांगणाऱ्या बाया मी घाटाच्या वळणावर ओळखल्या होत्या. आणि या सगळ्या गर्दीत अंकिता मुटकुळे, हिंगोलीकडच्या सेनगावची, वय पंचवीस, वडील पोस्टमन. होळीला गावी गेली नाही, पाडव्याला गेली नाही. पूर्वपरीक्षा पास झालेली, मुख्य परीक्षा दीड महिन्यावर. तिची भरलेली कार्डं मी काउंटरच्या काचेखाली लावली होती. कुणी कुरकुरलं की मी बोट दाखवायचो. "बघा, शिका काही." त्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेचा वर्धापनदिन होता आणि सरांनी तिचा सत्कार ठरवला होता. तोही माझ्याच सांगण्यावरून.

साडेअकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. तिचे वडील, दत्तराव. कार्यक्रमाचं आमंत्रण मीच दिलं होतं, म्हणून नंबर होता.

"मास्तर, गाडी जेवायला थांबलीय, म्हणून फोन केला," ते म्हणाले. "एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"लेकराचा फोन दिवसभर तुमच्यापाशी असतो ना?"

"असतो म्हणजे? आत्ताही माझ्या डोक्यावर खुंटीला आहे."

"मग ती ऑनलाइन काहून दिसती?" दत्तराव जरा थांबले. "मी टपाल वाटताना दुपारी बघतो, हिरवा ठिपका. रात्री दोनला उठलो तरी तोच. आन् आवाज बी तिचा येगळा येऊ लागलाय. परवा बोलता बोलता रडायला लागली. इचारलं तर म्हणती, सर्दी झालीय. मास्तर, तिला काही झालंय का? तुमी रोज बघता, म्हणून इचारतो."

रोज बघता. मी म्हणालो, "काही नाही हो, परीक्षेचं टेन्शन. तुम्ही या, आज मुलीचा सत्कार आहे." फोन ठेवला आणि चौतीस नंबरची पिशवी खाली घेतली.

फोन थंड होता. तोवर मी कधी लक्षच दिलं नव्हतं, पण फोन हातातून येतो तेव्हा कोमट असतो. हा सकाळी घेतला तेव्हाही थंडच असणार. कोपऱ्याला तडा गेलेला जुना टचचा फोन. चालू करायचं बटण दाबलं, धरून ठेवलं, काही नाही. नखानं मागचं झाकण उचकटलं. आत बॅटरी नव्हती. बॅटरीच्या जागी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करकरून बसवला होता, वजन वाटावं म्हणून.

माझ्या डोक्याची शीर तडकली. एकशे एक्कावन्न दिवस. एकतीस वर्षांत तपासणी पथकानं माझ्या गाडीत एक विनातिकीट माणूस पकडला नव्हता, आणि इथं एक पोर पुठ्ठा दाखवून रोज माझ्यासमोरून जात होती, आणि मी तिची कार्डं काचेखाली लावून बसलो होतो. पहिल्यांदा मला तिची काळजी वाटली नाही, हे खरं आहे ते सांगतो. मला माझीच लाज वाटली, आणि तिचाच राग आला. फोन मुठीत धरून मी आत गेलो.

चौतीस नंबरची खुर्ची रिकामी. पुस्तक उघडं होतं. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं, 'परत वाचणे, २२ मे.' त्याखाली 'परत वाचणे, २४ मे.' मग २५, २७, २८, ३०. पान तेच. मी पान उलटून पाहिलं. पुढच्या पानाचा समास कोरा करकरीत होता.

ती गच्चीच्या जिन्यात सापडली. वरच्या दाराला कुलूप असतं, त्यामुळे तिथं कोणी जात नाही. पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, हातात दुसरा फोन, आणि अंगठा चालला होता. वर, वर, वर. कोणी नाचत होतं, कोणी परीक्षेत पहिला आलेला मुलगा मुलाखत देत होता, कोणी भांडी घासायची युक्ती सांगत होतं. ती काहीच बघत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हती.

हे सगळं मी पाहिलं आणि तरी ओरडलो. ते मला अजून बोचतं.

"हा काय प्रकार आहे? पुठ्ठा घालून फोन देतेस मला? मला?"

ती दचकून उठली. आवाज हॉलपर्यंत गेला. दहा-बारा पोरं जिन्याच्या तोंडाशी जमली.

"पाच महिने मूर्ख बनवलंस. तुझी कार्डं लावली मी तिथं. संध्याकाळी सत्कार आहे तुझा, लाज वाटायला पाहिजे. एसटीत असतीस तर पुढच्या थांब्यावर उतरवली असती."

"बरोबर आहे, काका."

"मग बोलली का नाहीस? एवढं चुकत होतं तर येऊन सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज न चढवता, एखादी तारीख सांगावी तसं म्हणाली, "तीन वेळा आले होते. फेब्रुवारीत आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढं कीर्तन संपू दे. एप्रिलमध्ये आले, तेव्हा तुम्ही मान वर नाही केली. आज सकाळी ट्रक होता."

माझ्या शर्टाच्या खिशात माझा फोन होता आणि त्याच वेळी तो कसला तरी मेसेज येऊन थरथरला. सगळ्यांनी ऐकला.

"जा रे, आपापल्या जागेवर जा," मी पोरांना म्हणालो. पोरं गेली. मी खालच्या पायरीवर बसलो. शालन गेल्यापासून मी दिवसाचे किती तास त्या डबड्यात डोकं घालून काढत होतो ते मी कधी मोजलं नव्हतं. साठ जणांचे फोन खुंटीला लावून त्यांच्या खाली मी सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रक, क्रेन, कीर्तनं आणि पुराचे व्हिडिओ बघत बसायचो. वेळ जावा म्हणून, असं म्हणायचो. वेळ जात होताच.

"बस," मी म्हणालो. "आता सांग. कुठला ट्रक नाही आता."

मग ती बोलली. सुरुवात अभ्यासापासूनच झाली होती. चालू घडामोडींचे ग्रुप, उत्तरतालिका, मुलाखती. एक ग्रुप सोडला तर मागे पडू, या भीतीनं पंचवीस ग्रुप. मग त्यातून उठून दुसरं काही, तिसरं काही. फोन दूर ठेवला की छाती धडधडायची, तळहातांना घाम यायचा. फोन नसतानाही मांडीवर थरथरल्याचा भास व्हायचा. रात्री तीनपर्यंत बघायची, सकाळी सहाला उठून आधी तेच. जानेवारीत चार दिवस खरंच फोन जमा केला होता. चौथ्या दिवशी दुपारी श्वास अडकला, आपण मरतोय असं वाटलं, बाथरूममध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा.

"मज्जा येते म्हणून नाही हो बघत, काका," ती म्हणाली. "मज्जा कधीचीच संपलीय. थांबताच येत नाही. आणि आता वाचलेलं डोक्यात शिरत नाही. एक पान आठ दिवस झाले वाचतेय. कधीकधी वाटतं, आपण असूच नये. म्हणजे काही करणार नाही मी. पण वाटतं."

"हे कुणाला सांगितलंस?"

तिनं वहीतून एक चिठ्ठी काढली. सरकारी दवाखान्याचं नाव, मनोविकार विभाग, खोलीचा नंबर, वेळ सकाळी नऊ. "दोनदा गेटपर्यंत गेले. आत जाववलं नाही. गावाकडं कळलं तर म्हणतील, मुटकुळ्यांची पोरगी वेडी झाली. आबांनी किती सायकल मारलीय माझ्यासाठी. त्यांना काय सांगू?"

आता माझी दुसरी चूक सांगतो. पहिली रागाची होती, ही प्रेमाची होती, पण चूकच. मी म्हणालो, "हे बघ पोरी, आज काही बोलू नकोस. मी पण नाही बोलणार. पोरांना मी दम देतो. सत्कार होऊन जाऊ दे, तुझे वडील खूश होऊन जाऊ देत. उद्या मी स्वतः येतो तुझ्याबरोबर दवाखान्यात."

तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला तो बंद फोन मागितला. "हा आज माझ्याकडं राहू द्या," एवढंच म्हणाली.

पाच वाजता हॉलमध्ये टेबलं बाजूला सरकवली, खुर्च्या मांडल्या. दत्तराव स्टँडवरून रिक्षा न करता चालतच आले होते. पांढरा सदरा, पायजमा, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, साठ जणांना पुरतील एवढे. लेकीला बघितलं आणि तोंडावर हात फिरवला, "किती वाळलीस गं माय," म्हणाले, आणि पहिल्या रांगेत अगदी कडेला बसले, उठून जायला सोयीचं पडेल असं.

लोहोकरे सर चांगलं बोलले. एकाग्रता, चिकाटी, ग्रामीण भाग. पाचही कार्डं हातात धरून सगळ्यांना दाखवली. मी दाराशी उभा होतो आणि जिन्यात असलेली ती दहा-बारा पोरं माझ्याकडं बघत होती. सरांनी तिचं नाव पुकारलं, शाल उलगडली. टाळ्या वाजल्या, काही ठिकाणी वाजल्या नाहीत. अंकिता पुढं गेली आणि म्हणाली, "सर, शालीच्या आधी दोन मिनिटं बोलू?"

मला वाटलं, आभार मानेल. मनात म्हटलं, मान आणि बस खाली.

तिनं तो फोन टेबलावर ठेवला. मागचं झाकण काढलं, पुठ्ठा काढला, घडी सोडवली आणि फोनशेजारी ठेवला. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होतं. तिनं तो लपवला नाही.

"हा फोन बंद आहे," ती म्हणाली. "मी पाच महिने मास्तर काकांना हाच देत होते. खरा माझ्याकडं असायचा. या कार्डांवर एकशे एक्कावन्न भोकं आहेत, त्यातली पहिली चार खरी आहेत. काकांची चूक नाही. चूक माझी आहे, पण नुसती चूक नाही, मला आजार झालाय. मी दिवसात दहा-बारा तास फोन बघते. मला थांबता येत नाही, झोप येत नाही, वाचलेलं कळत नाही, आणि एकटी असले की घाबरायला होतं. मला कुणी आळशी म्हटलं असतं तर चाललं असतं, पण तुम्ही सगळे मला शहाणी म्हणत होता, ते सहन होत नव्हतं."

मग ती पहिल्या रांगेकडं वळली. आत्तापर्यंत धरून ठेवलेला आवाज तिथं फुटला.

"आबा, मला मनाच्या डॉक्टरकडं जायचंय. दोनदा गेटवरून परत आले. उद्या तुम्ही येता का माझ्यासोबत?"

मी दत्तरावांकडं बघायचं धाडस केलं. तो माणूस पहाटेपासून बसमध्ये बसून लेकीचा सत्कार बघायला आला होता. आजूबाजूला साठ अनोळखी पोरं. चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. त्यांनी मांडीवरचा लाडवांचा डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, उठले, टेबलापाशी गेले. तो पुठ्ठा उचलून पाहिला, परत ठेवला.

"किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं.

"नऊला."

"मग आठलाच निघू. नंबर लागत असतेत तिथं."

बस, एवढंच. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ते आपलं टपाल वाटणाऱ्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत राहिले. लोहोकरे सर उलगडलेली शाल घेऊन तसेच उभे. द्यावी की घडी घालावी, त्यांना कळेना. शेवटी ते तिच्या खांद्यावर घालायला गेले, तर तीच म्हणाली, "सर, राहू द्या. बरी झाले की मागून घेईन."

मी एकतीस वर्षांत दरडी कोसळताना पाहिल्यात, ब्रेक फेल झालेली गाडी डोंगराला घासून थांबवणारा ड्रायव्हर पाहिलाय. धीट माणसं मी पाहिली नाहीत असं नाही. पण आपली अब्रू, आपला सत्कार, आपला बाप, सगळं एका टेबलावर मांडून 'हे खोटं आहे आणि मला मदत हवीय' असं सांगणारी ती एकटीच. मी तिला गप्प राहायचा सल्ला दिला होता. तिनं ऐकलं नाही, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंच वाजवला, रांग लागली. मी एकेक फोन हातात घेत होतो आणि पहिल्यांदाच नीट घेत होतो. कोमट, कोमट, कोमट. चौदा नंबरच्या पोरानं फोन देताना नजर चुकवली आणि हळूच म्हणाला, "काका, आजपासून हा." बावीस नंबरच्या मुलीचा फोनही आदल्या दिवशीपेक्षा वेगळा होता. असे नऊ निघाले. खोटं ओळखण्याचा माझा सगळा दिमाख त्या नऊ पिशव्यांत गेला.

डॉक्टरांनी अंकिताला काळजीचा आजार आणि त्याबरोबर नैराश्य असल्याचं सांगितलं. फोन हे त्याचं एक तोंड होतं, खरी मुळं आत होती. गोळ्या, आठवड्याला एकदा बोलायला जाणं, आणि फोन एकदम बंद नाही, ठरवून थोडा थोडा कमी. ती दोन महिने गावी राहिली, तिथून हिंगोलीच्या दवाखान्यात जायची. मुख्य परीक्षेला बसली नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली, एका आत्यानं तर ठरत आलेलं स्थळ मोडलं म्हणून बोलणं टाकलं. दत्तराव मला फोनवर म्हणाले, "मास्तर, परवा ती सात तास झोपली. मी दारातून दोनदा बघून आलो." परीक्षेच्या निकालाचा आनंदही एखाद्या बापानं मला इतका सांगितला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती परत आली. थोडी भरलेली, हात बऱ्यापैकी शांत. रांगेत उभी राहिली, नंबर आला तसा फोन काउंटरवर ठेवला. मी हातात घेतला. कोमट होता. मी चौतीसच्या पिशवीत टाकला, नवं कार्ड पंच केलं.

"आता तुमचा," ती म्हणाली.

"माझा काय?"

तिनं पिशवीतून एक कार्ड काढलं. घरी बसून पट्टीनं घरं आखलेलं. वर सुवाच्य अक्षरात 'विष्णू कोंढाळकर, क्रमांक ६१'. आणि एक खाकी पिशवी, तिच्या आईनं शिवलेली. शालनच्या पिशव्यांइतकी नीटस नव्हती, टाके वाकडे होते.

"मला नाही गं काही आजारबिजार," मी म्हणालो. "माझं आपलं वेळ जाण्यापुरतं."

"मी पण तसंच म्हणायचे."

मागं रांग वाढत होती. सगळ्यांचं आमच्याकडं लक्ष. मी खिशातून फोन काढला. खरं सांगतो, द्यायला हात होईना. शालनचे फोटो आहेत त्यात, असं म्हणालो. ती म्हणाली, "फोटो कुठं जात नाहीत, काका. रात्री जाताना परत मिळतील." मी दिला. तिनं एकसष्ट नंबरची पिशवी खुंटीला अडकवली, माझ्या हातातून पंच घेतला आणि माझ्या कार्डाच्या पहिल्या घरावर दाबला. नंतर तिनंच नियम सांगितला. उद्यापासून भोक रात्री, दिवस संपल्यावर. चोरून बघितलं तर घर कोरं ठेवायचं, आणि कोरं राहिलं म्हणून कुणी ओरडायचं नाही. ना माझ्यावर, ना दुसऱ्या कुणावर.

तो महिना माझा फार वाईट गेला. पहिल्या दुपारी काउंटरवर बसून करायचं काय हेच कळेना. शालनची आठवण इतकी आली की उठून बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. दीड वर्षं ती आठवण मी क्रेनच्या मागं ढकलून ठेवली होती. रोज रात्री जाताना अंकिता विचारायची, "आज बघितला?" कधी मी म्हणायचो, "नाही." कधी म्हणायचो, "दुपारी जरासा, वीसेक मिनिटं." ती मान हलवायची, "मग आज नाही," आणि पंच ठेवून द्यायची. त्याच महिन्यात मान वर असल्यामुळे तीन पोरं काउंटरशी येऊन 'काका, एक बोलायचं होतं' म्हणाली, आणि मी तिघांचं शेवटपर्यंत ऐकलं. दोघांना मी दवाखान्यातल्या त्याच खोली नंबरला घेऊन गेलो.

अंकिता पुढं दुसऱ्या खेपेला पास झाली, आज मराठवाड्यात एका तालुक्याला पुरवठा निरीक्षक आहे. गोळ्या हळूहळू बंद झाल्या, फोनवर तिची पकड अजून कधीमधी सुटते, तेव्हा मला फोन करून सांगते. शाल तिनं मागून घेतली, सरांनी जपून ठेवली होती. पण मी तिचं कौतुक करतो ते नोकरीसाठी नाही. पास होणारी पोरं मी ढिगानं पाहिली.

तिची ती पाच कार्डं मी काचेखालून काढली, त्यांच्या जागी माझं ऑगस्टचं लावलं. नवीन पोरं येतात, वाकून बघतात आणि हसतात, कारण त्यात सतरा भोकं आहेत आणि चौदा घरं कोरी. हसू देतो. मग त्यांचा फोन हातात घेऊन कोमट आहे का ते बघतो, आणि सांगतो की या कार्डाला हसा, पण एक लक्षात ठेवा, यातलं एकही भोक खोटं नाही.